थोरलीचं अंगण

सेलिनाने आपल्या अंगणातून तीनशे पावलं उखळ ढकलत सवतीच्या कुंपणापाशी नेलं आणि मुसळ हाणलं. पलीकडे, दहा पावलांवर, चेयेचच्या अंगणात तो डबा पुरलेला होता.

"अक्का, डब्याला त्रास होतो हो," चेयेच आतून ओरडली.

"डब्याला होतो का तुला?"

डबा जमिनीच्या पोटातले भूकंप ऐकायचा, माणसाला कळतही नाहीत असले बारीक. ते दाटीने होतात तिथे खडक तडकलेला, तिथे वाफ, आणि वाफेवर वीज. पाका डोंगराभोवती असे बारा डबे होते. सेलिनाला वीज नको होती, लोमुरिया हवा होता. डबा आल्यापासून नवरा आपलं बसायचं लाकूड उचलून धाकटीकडे गेला. डबा तपासणाऱ्यांची गाडी आली की त्या पाहुण्यांशेजारी ऐटीत बसायचा, गाडी गेली तरी उठायचा नाही. जिने वीस वर्षं त्याच्या शेळ्या राखल्या, तिच्याकडे तो वळूनही बघेना.

तीन आठवडे ती कांडत राहिली. ज्वारी संपली तेव्हा रिकामं उखळ कांडलं.

मग डब्यांची नोंद बघणारा किप्रोतिच कागद घेऊन आला. कागदभर नुसती काळी गिचमिड.

"इथं गोंगाट फार. डबा हलवायला लागणार."

"माझ्याकडे आणा." सेलिनाचा आवाज शांत होता, बोटं गळ्यातले मणी ओढत होती.

चेयेच हसली. "न्या अक्का. सुखानं न्या."

डबा पुरून झाल्यावर किप्रोतिचने हात झटकले. "मावशी, मागच्या खेपेला आम्ही ढिले पडलो. आता दोनशे पावलांत शेळी नको, पोर नको, कांडण नको. गाडीसुद्धा आम्ही लांबच लावू."

त्याच दिवशी लोमुरियाने शेळ्या धाकटीकडे हाकलल्या. नातवंडंही मागोमाग गेली.

"तुझ्या डब्याला त्रास नको," तो म्हणाला. टोमणा असता तर बरं झालं असतं. तो मनापासून म्हणाला.

महिन्याने किप्रोतिच आला. कागदावर सरळ रेघ, मध्येच एखादा बारीक काटा.

"हे सगळे खालचे, अस्सल! बारा जागांत तुमची एक नंबर, मावशी. वरचं काही म्हणजे काही नाही. इथं कुणी राहतं असं वाटतच नाही."

सेलिना कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चहा टाकते."

"तिकडं टाकलाय की, चेयेचताईंनी," तो कुजबुजला, आणि पाय न वाजवता निघून गेला.