हिरवा आकडा

गिअरबॉक्सच्या थरथरीचा आकडा पायलटला उडतानाच समोरच्या पडद्यावर दिसावा, ही अक्कल कंपनीच्या साहेबांची. मी मेकॅनिक, मला विचारतो कोण! हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे मिळेल तिथे उतरा. महिनाभरात तो पडदा चार वेळा पिवळा झाला आणि चारही वेळा तपासून मला काही सापडलं नाही. लांडगा आला रे आला, दुसरं काय.

पाचव्यांदा तो पिवळा झाला योगेंद्रच्या वरातीत. नवरदेव वर्ध्याहून अल्लीपूरला हेलिकॉप्टरने निघाला होता. पायलट रजतच्या शेजारी नवरदेवाचे वडील, हिरालालशेठ. पिवळा आकडा बघून शेठनी आरडाओरडा केला आणि रजतला सोयाबीन कापलेल्या वावरात उतरायला लावलं. मी जीपने जाऊन तपासलं, याही वेळी काही नव्हतं, म्हणून रजतने हेलिकॉप्टर अल्लीपूरला आणलं. तोवर नवरदेव कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून मांडवात पोचला होता. गावाने पोट धरून हसून घेतलं.

लग्न लागल्यावर परतताना नवरी दिपालीही सोबत होती. शेठ मला म्हणाले, "तो पडदा बंद करा. मले पुन्हा वावरात उतराचं नाई."

रजतने माझ्याकडे पाहिलं. खरं सांगतो, त्या पडद्याचा मलाही राग आला होता. शिवाय तोच आकडा मोबाइल नेटवर्कवरून माझ्या टॅबवर येतो. काही वाटलं तर वायरलेसवर कळवतो, असं म्हणून मी माझ्या हाताने पडदा बंद केला.

सव्वाचारला ते उडालं. दहा मिनिटांचा रस्ता. अख्खं अल्लीपूर मोबाइल वर धरून नातेवाइकांना थेट दाखवत होतं. नवरीची आई शोभाबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. टॅबवर हिरवा आकडा होता. मी ऐटीत सांगितलं, काळजी करू नका, पोरगी मजेत आहे. त्यांनी डोळे पुसून मला बुंदीचा लाडू दिला. मी खाल्ला.

मग आकडा पिवळा झाला. वायरलेसवर नुसती खरखर. आकडा लाल झाला. उतर रजत, उतर, मी ओरडत होतो. तेव्हा कुठे आकड्याखालची, तो हेलिकॉप्टरवरून निघाल्याची वेळ दिसली. चार एकोणीस. माझ्या घड्याळात चार एकतीस झाले होते. गावभरच्या व्हिडिओंनी नेटवर्क तुंबलं होतं आणि मी बारा मिनिटांपूर्वीचं हेलिकॉप्टर बघत बसलो होतो.

वर्ध्याच्या मैदानावर नवरदेवाचा भाऊ प्रफुल थांबला होता. तिसऱ्या प्रयत्नात त्याला फोन लागला.

"वाट पाहून राह्यलो नं भाऊ," तो म्हणाला. "अजून काईच आलं नाई."

टॅबवर आकड्याची सरकती रेघ चार बावीसवर थांबली. नेटवर्क असेल, मी मनाला सांगितलं. पण आता गर्दी पांगली होती, लोकांचे मोबाइल खिशात गेले होते. माझ्या बायकोचे अडकलेले चार मेसेज एकापाठोपाठ आले. रेघ पुढे सरकली नाही.

मी लाडू खात होतो, तेव्हाच ती थांबली होती. शोभाबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"भाऊ," त्यांनी विचारलं, "पोचली असंन नं आता माही पोरगी?"