अब्बा कॅन्सल झाले

दुबईजवळच्या उम्म अल कुवैनमध्ये एका भारतीय शाळेत मी अकरावी-बारावीला इंग्रजी लिहायला शिकवते. म्हणजे नोटीस, अर्ज, संपादकाला पत्र. नोटिशीला चौकट आखायची, अर्जाची सुरुवात ‘आपले कृपाळू लक्ष वेधू इच्छिते’ अशी करायची, आणि घरगुती गोष्टींचा पाल्हाळ लावला की मार्क गेले. इतकी वर्षं हे शिकवतेय की फळ्यावर हात आपला आपण चालतो आणि मी मनात संध्याकाळची भाजी ठरवत असते. मुलं तरी वेगळं काय करणार? वर्गभर वह्या तपासा, सगळीकडे तेच लक्ष आणि तेच वेधणं. वीट आलाय, खोटं कशाला बोलू?

त्या शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजासाठी शाळा लवकर सुटत होती. बसेस फाटकाशी लागल्या होत्या आणि मी पर्स उचलणार, एवढ्यात प्रिन्सिपल सरांचं बोलावणं आलं. सर केरळचे. तीस वर्षं गल्फमध्ये, आणि माझ्याशी कायम हिंदीत बोलतात. त्यांनी एक अर्ज माझ्यापुढे सरकवला. बारावीच्या उमैमाचा होता.

“पढ़ो मॅडम. ये बच्ची ने नहीं, एआय ने लिखा है.”

मी वाचला. उमैमा आपले कृपाळू लक्ष वेधू इच्छित होती. ‘अपरिहार्य कौटुंबिक कारणांमुळे’ तिला दोन महिने भारतात जावं लागणार होतं. ती परीक्षेला परत येणार होती. तोवरची हजेरी माफ करावी आणि पटावरून नाव काढू नये, अशी नम्र विनंती होती. एकही चूक नव्हती. मी शिकवलेलं प्रत्येक वाक्य जागच्या जागी होतं.

“अपरिहार्य मतलब क्या? किसी की शादी होगी. बारहवीं में दो महीने छुट्टी! हाजिरी कम पड़ी तो बोर्ड को जवाब मैं दूँ? नाम काटो, खलास.”

“सर, ये एआय नहीं है,” मी म्हटलं. “ये मैं हूँ.”

सरांना ते कळलं नसावं, पण घड्याळाकडे पाहून ते म्हणाले, बस सुटेपर्यंत थांबतो, खरं कारण लिहून आणा.

उमैमा बसच्या पायरीवर एक पाय ठेवून उभी होती. मूळ दापोलीकडची, पण जन्म इथला. मी मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत येणार, हे ठरलेलं.

“कारण काय ते का नाही लिहिलंस गं?”

“मॅम, यू ओन्ली सेड. नो पर्सनल थिंग्ज इन फॉर्मल लेटर.”

म्हटलं होतं. दरवर्षी म्हणते.

“बरं, आता सांग. काय झालंय?”

तिनं पायरीवरचा पाय खाली घेतला. मग पहिल्यांदाच माझ्याशी मराठीत बोलली. “अब्बा कॅन्सल झाले.”

इकडे व्हिसा रद्द झाला असं कुणी म्हणत नाही. माणूसच कॅन्सल होतो. कंपनी बुडाली, कॅन्सल. वय झालं, कॅन्सल. लिफ्टमध्ये, किराणा दुकानात, कुठेही हा शब्द ऐकू येतो, आणि सांगणारा तो उद्या सुट्टी आहे म्हटल्यासारखा सांगतो. बायकापोरांचे व्हिसा त्याच एका माणसावर टांगलेले, म्हणून त्याच्या मागून तीही कॅन्सल.

“अम्मी पण. माझा भाऊ अबुजर पण. संडेला फ्लाइट आहे,” उमैमा म्हणाली. अब्बांची कंपनी बंद पडली होती. परीक्षेला ती व्हिजिट व्हिसावर येणार होती, दुबईत फुफीकडे, म्हणजे आत्याकडे राहणार होती. शाळेनं नाव काढलं की बारावीचं वर्ष बुडालं.

मला भयंकर राग आला. कुणाचा ते सांगता येत नव्हतं, म्हणून मी तिच्यावरच डाफरले. “मग हेच लिही की! बस इथे.”

ती बसच्या पायरीवर बसली आणि दप्तरावर कागद ठेवून लिहू लागली. ड्रायव्हर वरून “यल्ला, यल्ला” करत घाई लावत होता. पहिली ओळ पुन्हा ‘आपले कृपाळू’ अशीच निघाली. मी ती माझ्या लाल पेनानं खोडली. मग तिनं इंग्रजीत लिहिलं:

‘आदरणीय सर, माझे वडील कॅन्सल झाले आहेत. माझी आई आणि भाऊ पण कॅन्सल आहेत. मी बारावीत आहे. प्लीज, मला कॅन्सल करू नका.’

“मॅम, ग्रामर?”

लाल पेन अजून माझ्या हातात होतं. माणूस कॅन्सल होत नाही, व्हिसा होतो, हे मी कितीतरी वह्यांच्या समासात लिहिलंय.

“चूक आहे,” मी म्हटलं. “राहू दे.”

सरांनी कागद वाचला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला.

“मॅडम, इंग्लिश देखो. फादर इज कॅन्सल्ड?”

मी लाल पेनाला टोपण लावलं.

“कौनसी कंपनी?”

मी सांगितली. इंडस्ट्रियल एरियातली, बंद पडलेली. सरांनी मान हलवली आणि अर्जाच्या कोपऱ्यात ‘मंजूर’ असं लिहून सही केली. बाहेर बसचा हॉर्न वाजत होता. मी कागद घेऊन वळले, तर मागून त्यांचा आवाज आला, अगदी साधा, उद्या सुट्टी आहे म्हटल्यासारखा.

“बच्ची को बोलो, एग्जाम के लिए टाइम पर आ जाए. जो भी साइन चाहिए, मार्च के पहले ले ले. मार्च में मैं भी कॅन्सल हूँ.”