डोळे खाली

मालिकेच्या सेटवर त्याला सगळे 'आरोपी' म्हणत. "आरोपी आले का?" "आरोपींना चहा द्या रे." त्यात कुचेष्टा नव्हती. इतक्या वर्षांत त्यानं दुसरं काम केलंच नव्हतं, तर दुसरं काय म्हणणार? जाड मान, गालावर व्रण, बारीक डोळे. मेकअपवाला म्हणायचा, "तुमच्यावर मी काय करू? माझं काम देवानं आधीच उरकून ठेवलंय." कधी तो पहारेकरी असे, कधी ड्रायव्हर, कधी बंगल्यातला माळी. बंगल्याच्या मालकानं खून केला तर तो प्रेमापायी, नाहीतर अपमान सहन न होऊन. माळ्यानं केला तर कारण द्यायची गरजच नसे, चेहरा दाखवला की झालं.

दिग्दर्शकानं पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवली होती. इन्स्पेक्टर टेबलावर हात आपटणार. मग म्हणायचं, "साहेब, मी काही केलं नाही," आणि 'नाही' म्हणताना डोळे खाली. बघणाऱ्याला कळलं पाहिजे, हाच तो. मग एक कानाखाली आणि लगेच कबुली. इन्स्पेक्टर कधी चुकत नसे, कारण चुकायला वेळच नसे.

घरी तालीम मुलाबरोबर चाले. मुलगा लहान असताना बापाचा पट्टा कमरेला गुंडाळून इन्स्पेक्टर व्हायचा. पण त्याचं मन आरोपी होण्यातच, मग अदलाबदल. "बाबा, डोळे बरोबर पडले का?" "अजून थोडे खाली." दोघं हसून लोळायचे. आई म्हणायची, "लोक पोरांना पाढे शिकवतात, इथं बघा काय चाललंय!"

तो मुलगा आता पार्सलच्या गोदामात कामाला होता. चेहरा हुबेहूब बापाचा. गोदामातून मोबाइलचं खोकं नाहीसं झालं आणि मॅनेजरनं एवढ्या माणसांतून नेमकं त्याच्याकडेच बोट दाखवलं. "याला कुठंतरी असलं काहीतरी करताना पाहिलंय," म्हणे. कुठं, ते मात्र आठवेना. पोलिस मुलाला घेऊन गेले. उद्या सकाळी कोर्ट आणि तिथून तुरुंग. त्याआधी चौकीतल्या साहेबांची खात्री पटली तरच सुटका होती.

दुपारी बाप इस्त्रीचा शर्ट घालून चौकीत गेला. मालिकेतली चौकी अंधारी असते, इथं ट्यूबलाइट होती, प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या आणि एक शिपाई अडकलेल्या प्रिंटरला चापट्या मारत होता. इथं मार खातोय तो फक्त प्रिंटर, असं वाटून त्याला जरा धीर आला.

साहेबांनी वर पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "अहो, तुम्ही ते मालिकेतले ना? परवा म्हातारीचा गळा दाबलात! घरी सगळ्यांनी शिव्या घातल्या तुम्हाला." खुर्ची आली, चहा आला. शिपायानं फोटो काढून घेतला. बापाला आशा वाटू लागली. ज्या चेहऱ्यानं मुलाला आत घातलं, तोच आता बाहेर काढेल.

"साहेब, गोदामाच्या प्रकरणात आत आहे, तो माझा मुलगा."

साहेब हसले. "तरीच म्हटलं, हा ओळखीचा का वाटतो! खाण तशी माती."

"मी अभिनय करतो, साहेब."

"तुम्ही करता हो. पोरगा नाही ना करत? त्याला विचारलं, खोकं तू उचललंस का? म्हणाला, मी काही केलं नाही. आणि डोळे खाली! चोराच्या मनात चांदणं. खरा माणूस डोळ्याला डोळा भिडवून बोलतो. हे माझी बायकोसुद्धा ओळखते, रोज बघते तुमची मालिका."

"साहेब, ते मीच शिकवलंय त्याला."

"काय शिकवलंय?" साहेबांचं हसू गेलं.

घाम पुसत त्यानं तालमीचं सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, माणूस अगदीच वाईट नव्हता. "बरं. समोर आणतो. माझ्या डोळ्यांत बघून एकदा बोलू दे. मग बघू."

मुलाला आणलं. डावा गाल सुजला होता. म्हणजे मार फक्त प्रिंटरनं खाल्ला नव्हता. बाप त्याच्याजवळ सरकला.

"मान वर ठेव. साहेबांकडेच बघ. काही झालं तरी डोळे हलवू नकोस."

मुलानं मान हलवली आणि साहेबांच्या डोळ्यांत पाहिलं. चांगलं सरळ पाहिलं. तेवढ्यात साहेबांनी टेबलावर हात आपटला.

"साहेब, मी काही केलं नाही."

डोळे पडले. मोजूनमापून, 'नाही'वरच.

"बघितलंत?" साहेब म्हणाले. "आता तुम्ही सांगा, बाप म्हणून. माझ्याकडे बघून सांगा की हा चोर नाही."

त्याच्यासाठी एवढं सोपं वाक्य कुणी कधी लिहिलं नव्हतं. शिवाय ते खरं होतं. त्यानं टेबलाची कड घट्ट धरली आणि साहेबांच्या डोळ्यांवर नजर रोवली.

"साहेब, त्यानं काही केलं नाही."

"वा!" प्रिंटरजवळच्या शिपायानं टाळी वाजवली. "अगदी टीव्हीवरच्यासारखं!"

साहेबांनी पेन उचललं. बापाला समोर फक्त टेबलाचा काठ आणि स्वतःची बोटं दिसत होती.

"बाबा," शेजारून मुलगा हळूच म्हणाला, "तुमचेही पडले."