नुसता पाय दाब

दहा नंबरचा पाना.

गारठणारी दोन पावलं.

ताईच्या लग्नातला फोटो: बाबांच्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभा नवरदेव. मी फोटोत नाही. मी गाडीखाली होतो.

इंजिन बंद असेल तर सगळे गिअर मुकाट पडतात. चालू केलं की पहिला आणि रिव्हर्स करकरतात.

एक चावी.

*

चावी बाबांची. डोळे अधू झाल्यामुळे माझ्या जन्माआधीची ही गाडी आता कोणाच्या तरी हाती द्यायची होती. गॅरेज वीस वर्षं मी चालवतोय. तरी क्लचचं दुखणं काढायला रविवारी बोलावणं गेलं ताईच्या नवऱ्याला. भावोजी विमा विकतात. दुरुस्ती व्हिडिओ बघून शिकलेत.

"क्लचच्या लाइनीत हवा शिरलीय," भावोजी गाडीखालून म्हणाले.

"ऐकलंस? हवा," बाबा मला म्हणाले.

"डोक्यातही शिरते कधीकधी."

"तुझी जीभ आवर. आत बस. ते हवा काढतील, तू नुसता पाय दाब."

बसलो. दाब. सोड. दाब. तिसऱ्या खेपेला पायाला कळलं. पेडल तळाला जातच नव्हतं. दोन बोटं आधीच जाड मॅटवर टेकत होतं. क्लच पुरता सुटणार कसा? मॅट ओढलं की काम संपलं.

मी परत पाय दाबला. बाबांनी मला विचारावं. एकदाच.

त्यांनी भावोजींना विचारलं, "चहा टाकायला सांगू?"

दुपारपर्यंत भावोजींनी तेल बदललं, कोपर खरचटून घेतलं. गिअर करकरतच होता. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. शेवटी बाबा माझ्याकडे वळले, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात गाडीत डोकावलेल्या भावोजींच्या हातातला पाना सीटखाली घरंगळला. तो शोधायला त्यांनी मॅट ओढून बाहेर फेकलं. मग सीटवर बसून इंजिन चालू केलं, सहज पेडल दाबून बघितलं.

पहिला गिअर पडला. आवाज नाही.

"जावईबापूंच्या हाताला गुण आहे," बाबा म्हणाले आणि चावी त्यांच्या तळहातावर ठेवली.

"अहो, मॅटच आडवं येत होतं," भावोजी हसले. "असलं जाड कोणी घातलं?"

बाबांना आठवेना. मी पाने पुसत राहिलो.

ते मॅट मी थंडी सुरू झाली तेव्हा मापाने कापून घातलं होतं, बाबांचे पाय गारठतात म्हणून.