देसिमीर राजाच्या चुलीवरची साखळी

मित्रांनो, मी एक जुनी साखळी आहे. गुरं बांधायची नव्हे. सर्बांच्या राजाच्या चुलीवर आढ्याला टांगलेली. इबर नदीकाठच्या डोंगरांवर देसिमीर राज्य करत होता आणि त्याची सभा माझ्याभोवतीच भरे. म्हणून त्याची हकिकत सांगायचा पहिला मान माझा.

लोहार मला घडवत होता तेव्हा राजाच्या आईने, नेदाने, बजावलं, "जरा लांब कर. धावत आलेल्याचा हात पोचला पाहिजे." आमच्याकडे चुलीवरची साखळी ज्याने धरली तो त्या घराचा पाहुणा, मग तो वैरी का असेना, त्याला इजा करायची नाही. सेनापती वोयिनचं डोकं मात्र रोज माझ्यावर आपटे. तो कुरकुरे, "लढाईत वाचलो, ही बया मला जेवणात मारणार."

एका वसंतात देसिमीरचा चुलतभाऊ रादोता गादीसाठी शेजारच्या बल्गारांची फौज घेऊन आला. त्या लढाईत देसिमीरचा धाकटा भाऊ पडला, पण रादोता हरला. त्याला बांधून सभेत आणलं. अशा भाऊबंदांचे डोळे जाळायचे ही तेव्हाची रीत. सळई माझ्याखालीच तापत होती. चुलीपुढे बसवायला दोर सोडताच रादोता झेपावला आणि त्याने मला दोन्ही मुठींत धरलं. मी तापून लाल झाले होते, तरी त्याने सोडलं नाही.

"राजे, हातच तोडतो," वोयिन म्हणाला. "मग कसली साखळी अन् कसला पाहुणा."

देसिमीर सळई घेऊन उभा होता. नेदा रडत होती. "देसा, माझा लेक गेला," ती म्हणाली. "आता घराचा शब्द तरी राहू दे."

देसिमीरने सळई पाण्यात टाकली. "सोड रे आता," तो रादोताला म्हणाला. "पाहुण्याने चुलीला लोंबकळू नये, जेवायला बसावं."

रादोताचे हात भाजले होते, म्हणून नेदाने त्याला बाजरीची लापशी भरवली. त्या दिवशीइतका अभिमान मला पुन्हा कधी वाटला नाही.

पुढे देसिमीर वारला तेव्हा त्याचा वारस पाळण्यात होता. बल्गारांनी पुन्हा रादोताला गादी देऊ केली. त्याने दूतासमोर तळवे उघडले. माझ्या कड्या त्यांवर उमटल्या होत्या. "मी त्या घरचं जेवलोय," एवढंच तो म्हणाला, आणि मूल मोठं होईपर्यंत त्याने ती गादी राखली.

नंतर दगडी वाडा झाला आणि मला उतरवून खरंच बैल बांधायला घेतलं. आता मी एका मेंढपाळाच्या घरी आहे. तिथे मला घासूनपुसून उंच खुंटीवर ठेवतात, राजाची म्हणून कौतुकाने पाहुण्यांना दाखवतात. मित्रांनो, मला असं जपू नका. माझ्याखाली विस्तव ठेवा आणि मला थोडं खाली सोडा, दारातून धावत आलेल्याचा हात पोचेल इतकं.