हिरवट काच

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी बाबालाल मुल्लाणींनी सेफ्टी ऑफिसर उदयसिंहांच्या टेबलावर दोन चष्मे ठेवले. एक काळाकुट्ट, एक फिका हिरवट. शेजारी त्यांची मुलगी हुस्ना उभी होती. ती कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते.

शिरोलीच्या या फौंड्रीत बाबालाल एकोणीस वर्षं भट्टीवर आहेत. चष्म्यातून वितळलेल्या लोखंडाकडे बघून ते ओतायची वेळ सांगतात. तीन वर्षांपूर्वी कंपनीनं हिरवट चष्मे बंद करून काळे दिले. आता उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, डाव्यात धरलाय. वय पंचेचाळीस.

“वय झालं की, बाबालाल,” उदयसिंह चहा ढवळत म्हणाले. “शुगर तपासलीसा?”

“तपासली. मला न्हाय. हाय ती तुमच्या चहात.”

“काच तर पहिल्यापेक्षा काळी दिलीय. आणि काय पायजे?”

हुस्नानं टेबलावरचा एसीचा रिमोट उचलला.

“सर, मोबाईलचा कॅमेरा सुरू करा.”

तिनं बटण दाबलं. डोळ्यांना काही दिसलं नाही. स्क्रीनवर मात्र पांढरा ठिपका लुकलुकला.

“न दिसणारे असे किरण भट्टीतूनही निघतात. रिमोटपेक्षा किती, ते तुम्हीच सांगा.”

तिनं कॅमेऱ्यापुढं काळी काच धरली. ठिपका तसाच. हिरवट काच धरली. ठिपका गेला.

“काळी काच फक्त दिसणारा उजेड शोषते. त्या अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते आणि हे किरण आणखी आत जातात. उघडा डोळा निदान दिपून मिटला तरी असता.”

उदयसिंहांनी स्वतः काचा बदलून पाहिल्या. तीनदा. चहावर साय आली.

“हे आणि कुणाला दाखवलंय?”

“आत्ता गेटवर, सगळ्या पाळीला,” बाबालाल म्हणाले. “रिमोट तर घरोघरी हाय की, सायेब.”

“वर कळवतो.” हिरवट चष्मा त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकला. “हा तपासायला राहू दे.”

दुसऱ्या दिवशी गेटवर सूचना लागली: भट्टी विभागात मोबाईल आणण्यास सक्त मनाई.

साडेआठला वॉचमननं सगळ्यांचे मोबाईल काढून घेतले. रिमोटबद्दल सूचनेत काही नव्हतं. पाळीचे चौदा जण घरचे रिमोट हातात घेऊन आत गेले आणि उदयसिंहांच्या दारासमोर जमिनीवर बसले. बाबालाल पुढं होते.

दहा वाजेपर्यंत भट्टी सुरू झालेली नव्हती.