बर्फाखालचा कच्चा थर

मी बर्फाचा एक थर बोलतोय. डोंगराच्या उत्तर उतारावर, मीटरभर खाली, अंधारात पडून असतो. वरून जाणाऱ्यांना माझा पत्ताही नसतो.

माझा जन्म नोव्हेंबरचा. पहिला बर्फ जेमतेम वीतभर पडला आणि मग तीन आठवडे आभाळ कोरडं, थंडी कडाक्याची. त्या थंडीत माझे कण साखरेसारखे सुटे झाले. एकमेकांना धरून राहणं आमच्या स्वभावातच उरलं नाही. जानेवारीत तीन दिवस वादळ झालं आणि मीटरभर नवा बर्फ माझ्या डोक्यावर येऊन बसला. आपण कुणाच्या भरवशावर बसलोय, हे त्या बापड्याला काय ठाऊक?

खालच्या गावात मेंगिया राहते. बावीस हिवाळे ती खड्डे खणून बर्फ तपासते आणि हिमस्खलनाच्या धोक्याची पातळी ठरवणाऱ्यांना फोन करते. वादळ ओसरल्यावर ती माझ्या उतारावर आली, खड्डा खणून बर्फाचा एक ठोकळा मोकळा केला, वर फावडं ठेवलं आणि हातानं थापट्या मारल्या. तेराव्या थापटीला मी मोडलो. परतताना सपाटीवर तिच्या पायाखाली खचलो आणि 'धुप्प' असा आवाज झाला. तेवढा एकच शब्द मला येतो. ती जागीच थांबली. कुणीतरी ऐकलं म्हणून मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायथ्याच्या फलकावर धोक्याची पातळी लागली: तीन. मेंगियाचा धाकटा भाऊ जाखेन उताराच्या पायथ्याशी स्कीचे पट्टे आवळत होता.

"पाचातले तीन, ताई. म्हणजे पास झालो की."

"लोक तीनलाच मरतात, जाखेन. पाचला कुणी घराबाहेर पडत नाही."

"काल सहा जण उतरले. ते बघ त्यांचे माग."

"ते मधून उतरले. कडेला खडकांपाशी बर्फ पातळ आहे, तिकडे जाऊ नकोस."

"बावीस वर्षं खड्डे खणतेस, तुला सगळीकडे खड्डेच दिसणार."

"बरं बाबा, तू शहाणा. जवाचं सूप केलंय, बारापर्यंत ये."

त्या सहा जणांना मी पेललं यात माझा काही भलेपणा नव्हता. मधे बर्फ जाड होता, त्यांचं वजन माझ्यापर्यंत पोचलंच नाही. जाखेनला मात्र कुणी न तुडवलेला बर्फ हवा होता. वरून उतरताना तो कडेला, खडकांपाशी वळला. तिथं मी दोनच विती खाली होतो.

मी माझा शब्द बोललो. उजवा अर्धा उतार तडकला आणि त्याला घेऊन खाली गेला.

मेंगियाला घरी जाववलं नव्हतं, ती पायथ्याशीच उभी होती. तिनं त्याच फावड्यानं खणलं. या वेळी थर मोजले नाहीत. चाळीस मिनिटांनी जाखेन सापडला. त्याच्या तोंडाभोवतीचा बर्फ श्वासानं वितळून पुन्हा काचेसारखा गोठला होता. ती कितीतरी वेळ तो नखांनी खरवडत राहिली. मला लाज वाटते, पण मी असाच घडलोय.

त्याला आज नऊ दिवस झाले. फलकावर पुन्हा तीन आहे, ऊन छान पडलंय. पायथ्याशी दोघं जण आलेत.

"जे पडायचं ते पडून गेलं," त्यातला एक म्हणतोय. "आता हाच उतार सगळ्यात चांगला."

डावा अर्धा उतार अजून माझ्यावरच उभा आहे. दोघं पट्टे आवळतायत. कुणीतरी त्यांना मेंगियाच्या घरी नेऊन बसवा, सूप पाजा, काहीही करा. मला एकच शब्द येतो, आणि उतारावर तो ऐकू आला तर परत फिरायला वेळ उरत नाही.